नदीच्या क्रमाने

आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये उतरलेल्या एकाही पाहुण्याने लाल किल्ला समोरून पाहिलेला नाही. बार्शीच्या आत्याबाईंनी नाही, सासऱ्यांच्या मित्रांनी नाही, लग्नानंतर फिरायला म्हणून आलेल्या दीर-जावेनेही नाही. सगळ्यांनी तो मागून पाहिला. त्यांच्या अल्बममध्ये आजही एक लांबलचक तांबडी भिंत आहे, भिंतीपुढे रिंग रोड आहे आणि रस्त्याच्या अलीकडे उन्हाने डोळे बारीक केलेली आमची माणसं आहेत. हे काय म्हणून कुणी विचारलं की ते सांगतात, लाल किल्ला. विचारणारा पुन्हा एकदा फोटोकडे बघतो आणि विषय बदलतो.

हे सगळं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं कर्तृत्व.

दिल्लीत सरकारी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचं घर ही नातेवाइकांच्या मते एक बिनभाड्याची धर्मशाळा असते. दिवाळी आली, मे महिना आला की कुरडया, गोडा मसाला आणि चिवड्याचे डबे घेऊन मंडळी निजामुद्दीनला उतरतात. मी लग्न होऊन नवी आलेली होते. मला स्वतःलाच सरोजिनी नगरच्या बाजारातून घरी यायचा रस्ता धड सापडत नव्हता, तिथे मी पाहुण्यांना काय दिल्ली दाखवणार? नवरा सकाळी ऑफिसला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. अशा वेळी बार्शीच्या आत्याबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मग, निघायचं का कुतुबमिनारला?" आणि त्याच वेळी दाराची बेल वाजली.

दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. जिन्यात पाहुण्यांचं सामान दिसलं म्हणून ते आले होते. माझ्याकडे न बघता ते सरळ आत गेले, आत्याबाईंसमोर बसले आणि विचारलं, "तुमच्या गावाला नदी कुठली?"

"नदी कुठली आलीय आमच्याकडे," आत्याबाई म्हणाल्या, "टँकर येतो."

काकांच्या चेहऱ्यावर असं दुःख उमटलं की आत्याबाईंना वाटलं, आपल्याकडे कुणी गेलं की काय. मग ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "असू द्या. आज तुम्हांला नदी दाखवतो."

काका मूळचे कऱ्हाडचे, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे. पाण्याशी संबंधित एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे. सगळी नोकरी दिल्लीत झाली होती, पण त्यांच्या लेखी दिल्ली हे शहरच नव्हतं. यमुना नावाची एक नदी आहे आणि तिच्या खोऱ्यात काही लोकांनी वेळोवेळी किल्ले, कबरी, घाट आणि सरकारी क्वार्टर्स बांधले आहेत, इतकंच ते मानत. आणि नदीचं खोरं बघायची एकच रीत असते, ती म्हणजे वरून खाली. पाणी जसं येतं, तसं आपण जायचं. आधी वज़ीराबाद, मग निगमबोध घाट, मग लाल किल्ला, मग पुराना किल्ला, मग हुमायूनची कबर, मग दिल्लीच्या दक्षिण टोकाला ओखला. मधलं गाळायचं नाही, मागचं पुढे करायचं नाही.

"आंघोळ डोक्यावरून करतात," ते म्हणत, "पायापासून नाही."

वज़ीराबाद दिल्लीच्या पार उत्तरेला आणि आर. के. पुरम दक्षिणेला. दोन बस बदलून तिथे पोचेपर्यंत पाहुण्यांचा चिवडा संपत आलेला असे. तिथे काय आहे म्हणाल, तर एक जुना पूल, एक कबर, एक मशीद आणि समोर यमुना. पण थंडीत तिथे पांढऱ्या पक्ष्यांचे थवे पाण्यावर उतरतात आणि पाणी खरोखरच पाण्यासारखं दिसतं. काका पाहुण्यांना काठावर ओळीने उभं करत आणि सांगत, "इथे ती दिल्लीत येते. नीट बघून घ्या. पुढे शहरातले नाले मिळाले की ओळखू यायची नाही. माणसाला आधी धडधाकट बघावं, मग आजारपणात. म्हणजे आजारपणातही आपल्याला तोच चेहरा दिसतो."

हे ऐकून आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. अर्थात त्यानंतर दिवसभर त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की कुतुबमिनार कधी येणार.

कुतुबमिनार येतच नसे. "तो नदीवर नाही," काका सांगत. "त्याच्याबद्दल मला काही विचारू नका." आत्याबाईंनी फारच हट्ट धरला तेव्हा ते एकदा आमच्याबरोबर आले, पण आत पाऊल टाकलं नाही. आम्ही परत येईपर्यंत बसस्टॉपवर तांब्या मांडीवर घेऊन बसून राहिले. ज्या घराशी बोलणं नाही, त्या घराच्या लग्नाला नाइलाजाने आलेल्या माणसासारखे.

आणि मागून दाखवण्याचं म्हणाल, तर त्यामागेही शास्त्र होतं. काकांचं म्हणणं, या इमारतींचं तोंड मुळात नदीकडे होतं. नदी किल्ल्याच्या भिंतीला लागून वाहायची, बादशहा सज्जात बसून तिच्याकडे बघायचा. पुढे नदी सरकली, मध्ये रस्ता झाला आणि लोकांनी बाजाराकडच्या बाजूला तिकिटाची खिडकी काढून तिलाच समोर म्हणायला सुरुवात केली. "तिकीट जिथे मिळतं ती पुढची बाजू, असं कुठे असतं का? मग सिनेमाची पुढची बाजू कुठली?" आत्याबाईंनी उरलेला चिवडा त्यांच्यापुढे केला. मी अजून विचार करते आहे.

बसमध्ये ते कंडक्टरला म्हणायचे, "भाईसाब, नदी के बाजू की सीट देना." आमच्या रूटवरचे बरेच कंडक्टर त्यांना ओळखत. एकदा मात्र एका नव्या हरियाणवी पोराने तोंडातली सुपारी सावरत म्हटलं, "ताऊ, नदी कित सै? नाला सै यो." काका उठले. त्यांनी बस थांबवायला लावली आणि माझ्या सासऱ्यांच्या दोन मित्रांसकट भर उन्हात यमुनेवरच्या आयटीओच्या पुलावर उतरले. दोघेही साठीच्या पुढचे, एकाचे गुडघे दुखत होते. काका त्यांना म्हणाले, "आजारी आईला कुणी नावं ठेवली तर तुम्ही त्याच्या शेजारी बसाल का?" बिचारे दोघेही नाही म्हणाले, आणि पुढची बस येईपर्यंत उभे राहिले.

माझ्या नवऱ्याचा त्यांच्यावर राग होता, त्याला कारण होतं. मुंबईच्या कचेरीतून त्याचे एक साहेब सपत्नीक आले होते. नवऱ्याचं प्रमोशन या साहेबांच्या हातात होतं. आमच्याकडे जेवण झालं, साहेब खुशीत आले आणि म्हणाले, जरा दिल्ली दाखवा. काका तेव्हा जिन्यावरून खालीच येत होते. पुढचं आमच्या हातात राहिलं नाही. वज़ीराबादनंतर क्रमाने निगमबोध घाट येतो आणि निगमबोध घाट ही दिल्लीतली सगळ्यांत मोठी स्मशानभूमी आहे. काकांनी साहेब आणि बाईसाहेब दोघांनाही तिथे नेलं. साहेब देवभोळे, बोटांत तीन अंगठ्या. ते पांढरेफटक पडून म्हणाले, "अहो, इथे कशाला आणलंत?"

"क्रमाने येतं," काका शांतपणे म्हणाले. "यायचं तर सगळ्यांनाच आहे. तुम्ही आज नुसतं बघून जा."

नवऱ्याचं प्रमोशन त्या वर्षी झालं नाही. दोन्हींचा संबंध नसेलही. पण नवरा त्यानंतर बरेच दिवस काका दिसले की पेपर तोंडापुढे धरायचा.

आता या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय असेल, याचा विचार करा. काकू ठेंगण्या, गोऱ्या आणि बोलायला महा मिश्कील. त्यांचं माहेर दुष्काळी भागातलं. काका चारचौघांत सांगायचे, "हिच्या गावाला नदी नाही. तरी मी केली." त्यावर काकू भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "नदी नव्हती, पण एस.टी. वेळेवर यायची."

काकूंच्या घरात एक ताजमहाल होता. तोच, लग्नात आहेर म्हणून येतो तो. पांढरा, काचेच्या पेटीत, खाली वायर आणि आत बल्ब. त्याचा एक मिनार सामानाच्या हलवाहलवीत अर्धा तुटला होता. काकू तो मिनार मागच्या बाजूला करून ठेवत. काका तो फिरवून पुढे करत, कारण त्यांच्या हिशेबाने ती नदीकडची बाजू होती आणि तीच खरी पुढची. दिवसातून एकदा काकू फिरवत, एकदा काका. यावरून दोघांत कधी शब्दाने भांडण झालं नाही. मी वर गेले की आधी ताजमहालाकडे बघे, म्हणजे घरात सध्या कोणाचं राज्य आहे ते कळे.

खरा ताजमहाल काकूंनी पाहिलेला नव्हता. सगळा संसार दिल्लीत झाला, आग्रा चार-पाच तासांवर, आणि बाईने ताजमहाल पाहिलेला नाही. कारण उघड आहे. आग्रा नदीवर आहे, पण ओखल्याच्या पुढे. प्रत्येक वेळी निघायचं वज़ीराबादपासून. ओखल्याला पोचेपर्यंत दिवस मावळलेला असे, मग घरी परत. पुढच्या वेळी ओखल्यापासून सुरुवात करू म्हटलं, तर काका म्हणत, "काल डोकं धुतलं म्हणून आज पायापासून सुरू करतो का आपण?"

"माझा ताजमहाल ओखल्याला अडकलाय," काकू सांगायच्या. हसत सांगायच्या, पण मला ते हसू पुरतं खरं वाटत नसे.

एकदा मी म्हटलं, "काकू, माझ्याबरोबर चला ना. सकाळी बसने जाऊ, रात्री परत. काकांना कळणारही नाही."

त्यांनी लसूण सोलायचं थांबवलं. "जायला काय गं, मी एकटीसुद्धा जाईन. पण मी बघून आले आणि हे तसेच राहिले, तर यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं ते काय? आणि ताजमहाल नवऱ्याने दाखवायचा असतो. शेजारणीने नाही." मग मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी मला लसणीची चटणी बांधून दिली.

काका डिसेंबरअखेर रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून कऱ्हाडला जायचं ठरलं होतं. डिसेंबर लागला तशी लाकडी खोकी आली, सुतळीचे गुंडे आले, आणि काकू खोक्यावर बसून राहिल्या.

"ताजमहाल बघितल्याशिवाय मी एक डबा बांधणार नाही," त्या म्हणाल्या.

"बघू की. क्रमाने..."

"क्रमाने, उलटा, आडवा, कसाही. पण या महिन्यात. नाही तर तुम्ही जा कऱ्हाडला. मी इथेच खोक्यावर बसते, नवीन येतील त्यांना चहा करून देईन."

काका आमच्याकडे खाली आले. इतका गोंधळलेला माणूस मी पाहिला नव्हता. एकीकडे नदी, दुसरीकडे बायको. बराच वेळ ते तांब्याची फिरकी उघडत होते, लावत होते. शेवटी म्हणाले, "टॅक्सी केली तर एका दिवसात होईल. क्रम मोडायला नको." आणि माझ्या नवऱ्याकडे बघून, "तूही चल. तुझ्या साहेबांना घाटाच्या पुढचं दाखवायचं राहूनच गेलं होतं."

गुरुवारी सुट्टी होती. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे आम्हांला ठाऊक होतं, पण जायचं गुरुवारी, यायचं गुरुवारी, तेव्हा शुक्रवारशी आमचा काही संबंध येणार नव्हता.

काकू नारायणपेठी नेसल्या होत्या. उजाडायला आम्ही वज़ीराबादला होतो. टॅक्सीवाला अलिगढचा. आग्र्याचं गिऱ्हाईक आधी उत्तरेला का नेतंय हे त्याला कळेना. "बाबूजी, आगरा तो उल्टी तरफ़ है," तो म्हणाला. "तुम चलाओ," काका म्हणाले. "नदी को मालूम है."

पाण्यावर पांढरे पक्षी होते. काकांनी आज आम्हांला ओळीने उभं केलं नाही. एकटेच काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "येतो गं." नदीला म्हणाले. मग आम्ही निघालो, निगमबोध, किल्ला, पुराना किल्ला, कबर, ओखला, सगळं क्रमाने, सगळं मागून. फरीदाबादला नदी रस्त्यापासून बरीच पूर्वेला आहे. काकांनी तिकडे वळायला सांगितलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, फरीदाबाद मला माफ करा." काकांनी माफ केलं. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला अपवाद होता आणि तो करताना ते खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले होते.

वृंदावनला माकडाने काकांचा चष्मा पळवला. बिस्किटांचा पुडा दिल्यावर परत मिळाला, पण तोवर तास गेला. मथुरेला घाटाच्या पायऱ्यांवर काका बसले ते उठेनात. "वाईच्या घाटासारख्या आहेत," म्हणाले. टॅक्सीवाला दोनदा सांगून गेला, "बाबूजी, ताज सूरज के साथ बंद हो जाता है." काका म्हणाले, "नदी बंद नहीं होती."

आग्र्याला पोचलो तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता आणि तिकिटाची खिडकी बंद झाली होती. दारावरचा शिपाई म्हणाला, "कल आइए. नहीं, कल नहीं, परसों आइए." घाईत त्याच्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. काकू नारायणपेठीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बंद दारासमोर उभ्या होत्या. काकू बोलल्या नाहीत की काका घाबरत, आणि त्या दिवशी मीही घाबरले. माझ्या नवऱ्यालाही पहिल्यांदाच काकांची कीव आली असावी, कारण त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पलीकडे चला," काका एकदम म्हणाले. "लवकर."

टॅक्सी पुलावरून पलीकडच्या काठाला गेली. तिथल्या एका बागेच्या कुंपणाबाहेरून एक पायवाट खाली वाळूत उतरत होती. काका पुढे, त्यांच्या हातात काकूंचा हात, मागे आम्ही दोघं. चार-पाच म्हशी पाण्यातून बाहेर येत होत्या. माणूस कुणी नव्हतं. आणि समोर, नदीच्या त्या अंगाला, तो होता. दिवे नाहीत, गर्दी नाही. आकाशात जेवढा उजेड उरला होता, तेवढा सगळा त्याच्यावर होता आणि खाली पाण्यात अर्धा आणखी एक होता.

मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही. नवरा म्हणाला, "यार..."

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पुढे झुकून नीट पाहिलं, घरच्या शोकेसमधल्याकडे बघत तसं, आणि म्हणाल्या, "अहो, हा मागूनही तस्साच आहे."

मी काकांकडे बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. शेवटी ते म्हणाले, "याला पाठच नाही गं. इतकं बांधलं लोकांनी नदीवर, आणि नंतर सगळ्यांनी पाठ फिरवली. याला फिरवताच येत नाही." आयुष्यभर नदीकाठच्या इमारतींच्या पाठी दाखवणाऱ्या माणसाला शेवटी पाठ नसलेली इमारत भेटली होती. फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यांनी आधी काकूंना दिलं, मग स्वतः प्यायले.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळी आत जाऊन हात लावू."

काकांनी मान डोलावली. त्या क्षणी काकू त्यांना म्हणाल्या असत्या की कुतुबमिनार बघू, तरी ते हो म्हणाले असते.

आम्ही मुक्काम केला. नवऱ्याने ऑफिसातल्या एकाच्या घरी फोन करून शुक्रवारची रजा सांगितली, तरी शुक्रवार म्हणजे काय ते आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी काकू न्हाऊन, केसांत गजरा माळून तयार. दारापाशी गेलो तर पुन्हा तोच शिपाई. "मैंने बोला था न, परसों. आज जुम्मा है." दिल्लीत सगळा जन्म काढलेल्या, यमुनेचा थेंब न् थेंब ठाऊक असलेल्या माणसाला ताजमहालाचा सुट्टीचा वार माहीत नव्हता, कारण आजवर तिथवर पोचायची वेळच आली नव्हती. शनिवारी काकांच्या कचेरीतल्या लोकांनी त्यांचा निरोपसमारंभ ठेवला होता. परतणं भाग होतं.

मथुरेला पेढे घ्यायला टॅक्सी थांबली, तेव्हा काकूंना हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पेढ्याचा पुडा काकांच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घ्या. तुम्ही धन्य आहात."

घरी गेल्यावर त्यांनी डबे बांधले. निघायच्या दिवशी त्या खाली आल्या त्या काचेची पेटी घेऊन. "हा तुझ्याकडे ठेव. खरा आतून बघायला येईन, तेव्हा घेऊन जाईन." काका जिन्यात उभे होते. ते म्हणाले, "तुटका मिनार पुढे ठेव." काकू म्हणाल्या, "मागे ठेव." मी दोघांनाही हो म्हटलं.

नंतर आम्ही नोएडाला फ्लॅट घेतला, मेट्रो आली, आग्र्याचा नवा रस्ता झाला. पाहुणे आता फोनवर बघून स्वतःच फिरून येतात आणि लाल किल्ला समोरून बघतात. काकू दर दिवाळीला फोनवर म्हणायच्या, "येते गं यंदा." पण काकांचे गुडघे, मग काकांचं हृदय, असं करत राहिलं.

काका गेले ते पावसाळ्यात. मी फोन केला तेव्हा मलाच हुंदका आवरेना. मला तो माणूस फार आवडत होता, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. काकूच मला धीर देत होत्या. "अस्थी संगमावर सोडल्या," त्या म्हणाल्या. "पाणी भरपूर होतं. आज औदुंबरपर्यंत गेले असतील. मग सांगली, मग वाडी. जाऊ देत सावकाश. मध्ये कुठे उडी मारायचे नाहीत ते." आणि मग, आवाज जरा खाली आणून, "आता मी येते."

त्या मागच्या थंडीत आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढे, काठी टेकत. आल्याबरोबर शोकेसपाशी गेल्या. आमच्या मुलाने लहानपणी क्रिकेट खेळताना आणखी एक मिनार पाडला होता. "दोनच राहिले होय," म्हणून त्यांनी पेटीवरून पदर फिरवला. मी म्हटलं, "काकू, आता काही काळजी नाही. एक्स्प्रेसवेने तीन तास. नऊच्या आत दारात असू. आत जाऊ, पुढून बघू, हात लावू, संध्याकाळी घरी." त्या म्हणाल्या, "बिल्कुल." दिल्ली सोडून इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं बिल्कुल गेलं नव्हतं.

सकाळी कॅब आली. काकू आधीच तयार होत्या. अंगावर तीच नारायणपेठी, आणि हातात काकांचा फिरकीचा तांब्या. मी पुढे बसले, त्या मागे. ड्रायव्हरने फोनवर रस्ता लावला आणि गाडी एक्स्प्रेसवेच्या दिशेने वळवली.

"भैया," काकू मागून म्हणाल्या, "पहले वज़ीराबाद चलो."

"आंटीजी, वो तो बिल्कुल उल्टा पड़ेगा. आगरा इधर है."

"मालूम है," काकू म्हणाल्या आणि तांब्या मांडीवर नीट धरून बसल्या.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मान हलवून गाडी वळवायला सांगितलं. मग फोन काढून आग्र्याला रात्रीच्या मुक्कामाची खोली सांगून ठेवली. उद्या मंगळवार होता, एवढं मी आधीच बघून ठेवलं होतं.